ताराचंदच्या कम्प्युटरातली लग्नं

खैरटोल्यात लग्न लागायचं मांडवात, पण टिकायचं ताराचंदच्या कम्प्युटरात. हसू नका. कोहमाऱ्याहून आत वळलं की लागतं ते गाव, तिथं कोणालाही विचारून पाहा. मारुतीच्या पाराहून निघालेली वरात असो की बुद्धविहाराच्या पायरीवरून निघालेली, ती घरी जायच्या आधी 'ताराचंद व्हिडिओ शूटिंग'च्या दारात थांबायचीच. नवरानवरी त्या मळकट पांढऱ्या डब्याला हात जोडायचे. एखादी नवरी की-बोर्डला हळदीकुंकवाचं बोट लावायची, त्यापायी एंटरचं बटन कायमचं केशरी होऊन बसलं होतं. आणि वरमाय ताराचंदला बजावायची, "भाऊ, सांभाळजा हो. पुसजा नका."

हे खूळ सुरू झालं बकारामच्या पुतण्यापासून. जागा नव्हती म्हणून ताराचंदनं एकदा त्या पुतण्याचं लग्न कम्प्युटरातून पुसलं, आणि महिना उलटायच्या आत नवरी माहेरी निघून गेली. ती गेली सासूच्या तोंडापायी, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण सासूला बोलण्यापेक्षा कम्प्युटरला बोलणं सोपं, नाही का? झालं! ताराचंदनं पुसलं की संसार पुसला जातो, अशी वार्ता गावभर झाली. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, "बापहो, असं काही नसते." ताराचंद म्हणाला नाही. उलट तोंड गंभीर करून त्यानं अशी काही मान हलवली की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. जन्मभर लोकांच्या लग्नात उपाशीपोटी कॅमेरा खांद्यावर घेऊन "सरका, सरका" ओरडणाऱ्या माणसाला पहिल्यांदा कोणीतरी मानाची खुर्ची दिली होती. तो उठतो कशाला!

तेव्हापासून त्यानं एकही लग्न पुसलं नाही. जुन्या कॅसेटीतली लग्नंसुद्धा त्यानं डब्यात भरली. त्याची बायको शामकला मात्र या थोरपणाला भीक घालत नसे. ती म्हणायची, "अजी, त्या डब्ब्यात गावाचे संसार सांभाळून राहिले तुम्ही. आपली पोरगी घरात सुकून राहिली, ते दिसत नाही का?"

पोरगी म्हणजे पुष्पांजली. एकुलती एक. दुर्गला दिली होती, धर्मेंद्र नावाच्या मुलाला. गेल्याच्या गेल्या दिवाळीला ती माहेरी आली ती परत गेलीच नाही. धर्मेंद्र फोनवर आधी "घेऊन जातो, घेऊन जातो" म्हणाला, मग "बघू" म्हणाला, मग फोनच उचलेनासा झाला. गावात कोणी विचारलं की ताराचंद सांगायचा, "पाहुणी आली हाय." कोणी फिरून विचारत नसे. दोन दिवाळ्या राहिलेल्या पाहुणीबद्दल विचारायचं तरी काय?

पोरगी रडत बसली नाही, एवढं खरं. आता लग्नात जो तो आपापला मोबाईल वर धरून उभा असतो, शूटिंगवाल्याला विचारतो कोण? ताराचंदच्या रिकाम्या पडलेल्या दुकानात तिनं सेवा केंद्र उघडलं. सातबारा, आधार, पेन्शनवाल्या म्हाताऱ्यांचे हयातीचे दाखले. धावपळ करून तिनं आपल्या नावाचा आयडी मिळवला, आणि दारावर पाटी लावली: 'संचालिका: पुष्पांजली'. पुढं ना बापाचं नाव ना नवऱ्याचं. रोज दुकान उघडताना ताराचंद त्या पाटीवरून आपल्या उपरण्यानं धूळ पुसायचा आणि मनातल्या मनात म्हणायचा, "एवढं एक टिकू दे बापा हिचं."

आणि नेमकं तेच आता जायच्या बेताला आलं होतं.

केंद्र चालवणाऱ्या कंपनीचा हुकूम होता: आज पाच वाजायच्या आत नवीन आवृत्ती टाका. जो टाकणार नाही त्याचा आयडी बंद, आणि त्या गावचं काम शेजारच्या केंद्राला. शेजारचं केंद्र म्हणजे कोहमाऱ्याचा गुड्डू. त्याचा तर सकाळीच फोन येऊन गेला होता, "दीदी, टेन्शन मत लेना. आपके गाँववालों को मैं देख लूँगा." असा गोड बोलला मेला की पुष्पांजलीनं दात-ओठ खाल्ले.

बरं, हा हुकूम आज आला होता का? छे! कितीतरी दिवसांपासून रोज सकाळी कम्प्युटरवर चौकट येत होती. पण सकाळी दुकान उघडायचा ताराचंद. चहाचा कप घेऊन तो खुर्चीत बसायचा, आपलं जुनं काम लावायचा, आणि ऐन रंगात आलं की ती चौकट मधे टपकायची: अपडेट आता करायचं की नंतर? ताराचंद 'नंतर' दाबायचा. मग पुष्पांजली आली की जुनं काम झटकन खाली लपवायचा आणि चौकटीचं सांगायचं विसरून जायचा. आज कंपनीच्या बाईनं फोन करून झापलं तेव्हा कुठं पोरीला कळलं. बापाकडं तिनं एकदाच पाहिलं. मग मुकाट्यानं कम्प्युटरपुढं बसली.

पहिल्यांदा अपडेट सुरू केलं तेव्हा दुकानापुढं रांग लागलेली होती. रांगेत सगळ्यात पुढं रुख्मा. वय तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. तिला आज आपण जिवंत आहोत असं सिद्ध करायचं होतं, नाहीतर पेन्शन अडणार होती.

अपडेट चढलं, सदतीस टक्क्यांवर आलं, तिथं टेकलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: अपडेट इन्स्टॉल झालं नाही. केलेले बदल मागे घेत आहोत.

"मागं कायले घेते बे?" ताराचंद पडद्यावर ओरडला. "दिलं होतं तं राहू दे ना!"

"बाई, मी जिती हाव का नाही, तेवढं सांग ना पयले," रुख्मा म्हणाली. "मंग घरी जाऊन भाजी टाकतो."

"आजी, थांब जरासं. यंत्रच मरून राहिलं माहं," पुष्पांजली म्हणाली.

अपडेट पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा सदतीस, पुन्हा मागे. रांगेतला बकाराम पुढं झाला. गावात कशाचंही काही बिघडलं की बकारामला त्यातलं कळत असे. "तापलं असन ते," त्यानं निदान केलं. लगेच टेबलफॅन आणून डब्यासमोर लावला. डबा गार झाला, अपडेट सदतीसवरच. मग बकाराम म्हणाला, नेट कमी पडत असन. आता खैरटोल्यात नेट येतं ते फक्त तलावाच्या पाळीवर आणि ताराचंदच्या गच्चीवर. कम्प्युटर काही पाळीवर नेता येत नव्हता. म्हणून ताराचंद मोबाईल घेऊन भर उन्हात गच्चीवर चढला आणि हात वर करून उभा राहिला. खालून पुष्पांजली ओरडायची, "आलं! आलं! बाबा, हलू नका!" आणि पुन्हा, "गेलं!" हात अवघडला, टाळू तापली, पण माणूस जागचा हलला नाही. चूक कोणाची होती हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पोरीची पाटी आपल्यापायी उतरली तर या तोंडानं शामकलेच्या हातची भाकर कशी खायची, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

खाली सदतीसवर गाडी पुन्हा फसली तेव्हा ताराचंद मोबाईल गच्चीच्या कठड्यावरच ठेवून उतरून आला, आणि पुष्पांजलीनं आपल्या मोबाईलवरून गोंदियाच्या बंटीला फोन लावला. बंटी कम्प्युटर दुरुस्तीवाला. माणूस हुशार, पण बोलायला लागला की थांबत नसे. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"दीदी, सी ड्राइव खोलो. पट्टी लाल दिख रही है क्या?"

"पूरी लाल आहे भैया."

"तो अपडेट बैठेगा कहाँ? मेहमान घर आ गया और खटिया पर आपने धान सुखाने डाल रखा है! डी ड्राइव देखो."

"तोही लालच."

"अरे बाप रे! इतना भर के क्या रखा है?"

पुष्पांजलीनं बापाकडं पाहिलं. बाप पंख्याकडं पाहू लागला.

"शादियाँ," ती म्हणाली.

बंटी क्षणभर गप्प झाला, म्हणजे पाहा. मग म्हणाला, नवी हार्डडिस्क बसनं पाठवतो, पण बस तिकडं पोचेल दिवेलागणीला. पाचच्या आत पाहिजे असेल तर एकच इलाज. "कुछ उड़ाना पड़ेगा दीदी."

स्पीकर मोठा होता. ते वाक्य रांगेच्या शेवटापर्यंत गेलं, आणि रांग मोडली. ज्याला त्याला एकदम आत यायचं होतं. पुष्पांजलीनं 'लगन' नावाचं फोल्डर उघडलं, तर पडद्यावर अर्धं गाव जोडीजोडीनं उभं.

"हे पाहा," ती म्हणाली, "एखाद-दोघांनी आपलं पुसू द्या. तुम्हाला पेनड्राईव्ह दिल्याच आहेत ना तेव्हा?"

"पेनड्राईव्ह गेली चुलीत!" अल्का कडाडली. या अल्काचं आणि तिच्या नवऱ्याचं भांडण ऐकून समोरच्या आळीतली कोंबडी उठायची. "माहं नाव दिसून राहिलं तिथं, त्याले बोट लावशीन तं पाहजो!"

"वहिनी, तुम्हीच तर काल म्हणून राहिल्या होत्या, या माणसासंगं एक दिवस राहणार नाही म्हणून."

"ते मी म्हणन! भांडण आमचं हाय. पुसणारे तुम्ही कोण?"

रेशनवाला मात्र हळूच पुढं झाला आणि कानाशी लागून म्हणाला, "माहं पुसा. आपली काही हरकत नाही." त्याला ठाऊक नव्हतं की त्याची बायको रांगेत त्याच्या मागंच उभी होती. पुढं तो बराच वेळ दुकानात दिसला नाही.

बकारामनं तर दोन्ही हात पसरून पडदाच झाकला. "पुतण्याले दुसऱ्यांदा मुश्किलीनं बसवला हाय. ते लगनबी याच्यातच हाय. कोणी हात लावजा नका!"

"काका, असं काही नसते," पुष्पांजली कळवळून म्हणाली. "कम्प्युटर आहे हा. याले काय समजते कोणाचा संसार?"

"मंग तुह्या बापालेच विचार ना."

सगळ्यांच्या माना ताराचंदकडं वळल्या. ताराचंद घामानं निथळत होता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा चारच्या पुढं सरकला होता. त्यानं ती मानाची खुर्ची एका झटक्यात लाथाडली. "पोरगी खरं सांगून राहिली. असं काही नसते. तुम्ही म्हणत गेले, मी मान हलवत गेलो. सारं खोटं हाय."

मग बकाराम गहिवरून म्हणाला, "पाहा बापहो! पोरीसाठी माणूस कसा खोटं बोलून राहिला."

"बापाचं काळीज!" अल्का म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला.

ताराचंदनं कपाळावर हात मारून घेतला. जन्मात एकदा खरं बोलायला जावं तर ही गत!

पुष्पांजली मात्र आता कोणाचं ऐकत नव्हती. तिनं फोल्डर आकारानं लावून पाहिलं. सगळ्यात मोठं लग्न वर आलं. गावातली दहा लग्नं एका पारड्यात आणि हे एक दुसऱ्या पारड्यात, एवढं मोठं. तीन कॅमेरे, वरून गोंदियाहून आणलेला उडता कॅमेरा, हळदीपासून पाठवणीपर्यंत एक क्षण सोडलेला नव्हता. पाठवणीचा भाग तेवढा सगळा थरथरत होता, कारण तिथं कॅमेरा धरणारा रडत होता. फोल्डरवर नाव होतं: पुष्पांजली–धर्मेंद्र.

"ते नाही," ताराचंद पटकन म्हणाला.

"काऊन?"

"ते... त्याच्यात गाणे टाकाचे राहिले अजून."

"बाबा!"

"पोरी, असं करू नको," आता अल्कासुद्धा हळू आवाजात म्हणाली. "जावई येईन ना एखाद्या दिवशी. तुह्या हातानं कायले पुसतं? माहं... माहं पुस पाहिजे तं." एवढं बोलून ती स्वतःच घाबरली.

पुष्पांजलीनं तिच्या हातावर हात ठेवला. मग वळली आणि डिलीटचं बटन दाबलं. रुख्मानं डोळे मिटून घेतले. बकारामनं मारुतीचं नाव घेतलं.

पडद्यावर चौकट आली. पुष्पांजलीनं ती मोठ्यानं वाचली. "फाईल पुसता येत नाही. ती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. बंद करून पुन्हा प्रयत्न करा."

"पाहा!" बकाराम ओरडला. "देवच नाही म्हणून राहिला!"

"देव कायचा," पुष्पांजली पुटपुटली. "कोणी उघडली?" तिनं खालच्या पट्टीवर पाहिलं. तिथं एक लपवलेली खिडकी होती. तिनं ती वर आणली.

हळदीचा मांडव. मधे पाटावर ती स्वतः, तोंड पिवळंधम्मक, कोणीतरी काहीतरी बोललेलं, आणि ती तोंडावर हात धरून इतकी हसते आहे की डोळे मिटलेत. तिथंच चित्र थांबलेलं होतं. सकाळी अपडेटची चौकट आली तेव्हा थांबलेलं.

टेबलफॅन तेवढा घरघरत होता.

"हेच तुमचं जुनं काम?" तिनं विचारलं. "रोज हेच पाहता?"

"रोज नाही," ताराचंद म्हणाला. मग म्हणाला, "सकाळीच तेवढं."

"काऊन पण?"

थापा मारायला ताराचंद एरवी कमी नव्हता, पण आज जिभेवर एकही येईना. "तू हासून राहिली त्याच्यात," तो म्हणाला. "घरी तं हासत नाही. येतं, झाडून काढतं, कामाले लागतं. म्हटलं, हे हाय तोवर..." पोरीनं पाठ फिरवू नये एवढंच त्याला वाटत होतं.

तिनं पाठ फिरवली नाही. ती खुर्चीतून उठून त्याच्यासमोर आली. "बाबा, माहा संसार दुर्गलेच पुसल्या गेला. केव्हाचाच. तुमच्या कम्प्युटरले खबर उशिरा लागली, एवढंच." मग दाराकडं बोट करून म्हणाली, "आता माहं जे हाय ते तिथं बाहेर टांगलं हाय. त्याले वाचवा."

बाहेर पाटी होती. आज सकाळीच त्यानं ती पुसली होती.

"अगा ताराचंद," रुख्मा डोळे उघडून म्हणाली, "बंद कर ना ते. पोरगी सांगून राहिली ना तुले."

ताराचंद खुर्चीत बसला. चष्मा उपरण्यानं पुसला, डोळेही पुसले. मग त्या हसऱ्या तोंडाच्या कोपऱ्यातल्या फुलीवर बाण नेला. हात पाठवणीच्या वेळी थरथरत होता तसाच थरथरत होता, त्यामुळं बाण दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. हळदीचा मांडव मिटला आणि मागं नुसती निळी भिंत उरली.

"पुस," तो म्हणाला. "मले दाबता येणार नाही. तू दाब."

तिनं दाबलं. आत कचऱ्याच्या डब्यात गेलेलंही काढून टाकलं. लाल पट्टीचा रंग गेला. तिनं अपडेट पुन्हा सुरू केलं आणि सगळं दुकान पडद्यावर ओणवं झालं. पस्तीस. छत्तीस. सदतीस. तिथं ते पुन्हा टेकलं, आणि अल्कानं बकारामचा दंड इतका घट्ट धरला की तो कळवळला.

अडतीस!

शंकरपटात आपल्या गावची बैलजोडी पुढं निघावी तशी आरोळी उठली. चाळीस, पन्नास, साठ, प्रत्येक आकड्याला लोक ओरडत होते. मधे गुड्डूचा फोन वाजला, बकारामनं तो उचलून "राँग नंबर" सांगून ठेवून दिला. नव्वदला लाईन जाते की काय असं वाटलं, पंखा मंद झाला, ताराचंदनं खाड्कन पंख्याचं बटन बंद केलं, जणू तेवढ्यानं वीज उरणार होती. मग कम्प्युटर स्वतःच बंद झाला, स्वतःच चालू झाला, आणि पडद्यावर नवीन रंगात अक्षरं आली: पुष्पांजली, आपले स्वागत आहे. पाच वाजायला अजून थोडा अवकाश होता.

"झालं का?" रुख्मानं विचारलं. "मंग आता माहं पाय बाई. मी जिती हाव का नाही?"

"बस आजी, इथं. कॅमेऱ्यात पाहा."

रुख्मा पदर सारखा करून बसली. नव्या आवृत्तीत नवीनच काहीतरी होतं. पडद्यावर सूचना आली आणि पुष्पांजलीनं ती वाचून दाखवली, "आजी, ते डोळे मिचकवा म्हणून राहिलं."

"कोणाले?"

"कॅमेऱ्याले."

रुख्मा ताठ झाली. "अवं, लाज नाही का त्याले? माहा बुढा जाऊन इतके साल झाले, त्याले मी कधी डोळा मारला नाही. आता या डब्ब्याले मारू काय? तेबी एवढ्या लोकात?"

पुष्पांजली काहीतरी समजावायला गेली आणि तिला ते जमेचना. आधी तिचे खांदे हलले. मग तिनं तोंडावर हात धरला. मग ती फुटलीच. हसता हसता खुर्चीच्या पाठीवर रेलली, डोळे मिटले, मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तिच्याकडं पाहून अल्का हसायला लागली, बकाराम हसायला लागला, आणि रुख्मा चिडून त्यांच्याकडं पाहत असताना तिचे डोळे आपोआप मिचकले. कम्प्युटरनं टिंग केलं. रुख्मा जिवंत होती.

जन्मभराच्या सवयीनं ताराचंदचा हात खुंटीवरच्या कॅमेऱ्याकडं गेला. पिशवीच्या बंदापर्यंत पोचला, आणि तिथून त्यानं तो परत घेतला. रांगेतल्या लोकांना बाजूला सारून त्यानं एक स्टूल ओढलं, पोरीच्या अगदी समोर ठेवलं आणि त्यावर बसून नुसता तिच्याकडं पाहत राहिला.

"बाबा, सरका ना," पुष्पांजली हसतच म्हणाली. "पुढच्या माणसाले येऊ द्या."

"येऊ दे त्याले," ताराचंद म्हणाला. "मी बसलो इथं."